विश्लेषण : शहराला न विचारता पाण्यात क्लोरीन मिसळणारे डॉ. जॉन लील कोण होते?

पावसाळ्यात गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकली जाते. शहरातही कधी कधी नळाच्या पाण्याला औषधासारखा वास येतो. हा वास क्लोरीनचा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात तो कायमस्वरूपी मिसळण्याची सुरुवात झाली २६ सप्टेंबर १९०८ रोजी, जर्सी सिटी शहरात. त्यामागे होते डॉ. जॉन लील.

डॉ. लील कोण होते?

लील यांचा जन्म १८५८ चा, न्यूयॉर्क राज्यातला. त्यांचे वडीलही डॉक्टर होते. अमेरिकेतील यादवी युद्धात सैन्यासोबत असताना त्यांना आतड्यांचा आजार जडला. तो वर्षानुवर्षे छळत राहिला आणि १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे लील डॉक्टर झाले आणि न्यू जर्सीतील पॅटरसन शहराचे आरोग्य अधिकारी म्हणून त्यांनी काम केले. दूषित पाण्यातून पसरणारा टायफॉइड त्यांनी जवळून पाहिला.

वाद काय होता?

जर्सी सिटीला खासगी कंपनी बूंटन येथील जलाशयातून पाणी पुरवत होती. पाणी कराराप्रमाणे शुद्ध नाही, असे म्हणत शहर न्यायालयात गेले. वर्षातून काही वेळा दूषित पाणी येते, ते थांबवा, असा आदेश १९०८ मध्ये झाला. गटारांवर मोठा खर्च करणे हा एक मार्ग होता. कंपनीचे सल्लागार असलेल्या लील यांनी दुसरा निवडला. अभियंता जॉर्ज फुलर यांनी ९९ दिवसांत यंत्रणा उभारली. रोज सुमारे १५ कोटी लिटर पाण्यात ब्लिचिंग पावडरचे द्रावण मिसळू लागले. शहराची परवानगी मात्र घेतली नव्हती.

पाण्यात नेमके काय होते?

ब्लिचिंग पावडर पाण्यात विरघळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो. तिथे ऑक्सिडीकरण होऊन जिवाणूची प्रथिने निकामी होतात आणि तो मरतो. यासाठी लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी क्लोरीन पुरले. पाणी गढूळ असेल तर गाळातील सेंद्रिय पदार्थच क्लोरीन संपवतात. म्हणून आधी तुरटी घालून गाळ खाली बसवतात.

न्यायालयात काय झाले?

शहराच्या वकिलांनी पाण्यात रसायन घालण्यालाच आक्षेप घेतला. हे पाणी स्वतः पिता का, असा प्रश्न लील यांना विचारला गेला. त्यांनी होकार दिला आणि कुटुंबालाही देण्यास आपली हरकत नसल्याचे सांगितले. १९१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे अनेक शहरांनी हीच पद्धत स्वीकारली आणि टायफॉइडचे बळी झपाट्याने घटले. लील यांचे निधन १९१४ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी झाले.

आज त्याचे महत्त्व काय?

भारतीय मानकानुसार क्लोरीनयुक्त पाण्यात ग्राहकापर्यंत पोहोचताना लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक हवा. वाटेत नव्याने शिरणाऱ्या जंतूंवर हा उरलेला क्लोरीनच पहारा देतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी चाचणीत पाणी पिवळे होते का, हे पाहतो ते यासाठीच. मात्र क्लोरीनने क्षार, नायट्रेट किंवा जड धातू निघत नाहीत. त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते. शिवाय लील यांनी न विचारता केलेले काम आज कोणी करू शकणार नाही. पाण्यात काय आणि किती मिसळले जाते, हे जाणून घेण्याचा हक्क ते पिणाऱ्याला आहे.