घाटावरून आलेलं मालुसरे घराणं : गोडवली, उमरठ, साखर आणि पारगड

पोलादपूर : पोलादपूर सोडून कापड्यावरून ढवळे खोऱ्यात शिरलं की उमरठ लागतं. नरवीर तानाजी मालुसरे यांचं गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ते माहीत आहे. 2020 साली तानाजींवरचा हिंदी सिनेमा आला, तेव्हापासून बाहेरचे लोकही समाधी शोधत इथवर येतात. पण मालुसरे घराणं मूळचं उमरठचं नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ते घाटावरून आलेलं आहे.

मूळ गाव घाटावर

घराण्यात आणि गावात जे सांगत आले त्याप्रमाणे मालुसऱ्यांचं मूळ गाव गोडवली. कोणी गोडोली असंही म्हणतात. हे गाव सातारा जिल्ह्यात, आजच्या पाचगणीजवळ आहे. तानाजींचे वडील काळोजी आणि चुलते भंवरजी. आईचं नाव पार्वतीबाई. काळोजी आणि भंवरजी दोघेही लढाईत पडले. घरातली कर्ती माणसं गेली आणि पदरात तानाजी व सूर्याजी ही दोन पोरं. अशा वेळी बाईमाणसाला आधार एकच, माहेरचा. पार्वतीबाईंचे भाऊ शेलारमामा उमरठला होते. त्यांनी बहिणीला आणि भाच्यांना घाट उतरून आपल्याकडे आणलं.

म्हणजे उमरठशी या घराण्याचं नातं जुळलं ते मामाच्या घरामुळे. वतन मिळालं म्हणून किंवा गाव जिंकलं म्हणून ते इथे आलेले नाहीत. आपल्याकडे आजही अशी कितीतरी घरं आहेत. आडनाव एका गावचं आणि घर दुसऱ्या गावात. विचारलं तर उत्तर येतं, आमचे खापरपणजोबा मामाकडे राहिले ते इथलेच झाले.

जावळीचं खोरं आणि स्वराज्य

हा सगळा मुलूख तेव्हा जावळीच्या मोऱ्यांचा. उमरठच्या वरच्या अंगाला असलेला चंद्रगड त्याच मुलखातला. 1656 साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि हे खोरं स्वराज्यात आलं. लगेच जवळच प्रतापगड उभा राहिला. घाटाच्या वाटा आणि रानातल्या पायवाटा ज्यांच्या पायाखालच्या होत्या, अशा माणसांची महाराजांना गरज होती. घाटावर जन्मलेले आणि घाटाखाली वाढलेले तानाजी दोन्हीकडचा मुलूख जाणत होते. 1659 साली अफजलखानाच्या वेळी जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्यांत त्यांचंही नाव घेतलं जातं.

1661 सालची संगमेश्वरची हकिकत मात्र शिवभारत या त्या काळातल्याच संस्कृत ग्रंथात आहे. महाराजांनी तानाजी आणि पिलाजी नीळकंठराव यांना संगमेश्वरला ठेवलं होतं. शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यांनी रात्री छापा घातला. अचानक आलेल्या फौजेने पिलाजींचा धीर सुटला आणि ते पळू लागले. तानाजींनी त्यांना धरून दगडाला बांधलं आणि स्वतः लढायला उभे राहिले. शेवटी सुर्व्यांच्या फौजेला माघार घ्यावी लागली. सिंहगडाच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट.

4 फेब्रुवारी 1670

1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांना 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यात सिंहगडही गेला. तिथे उदेभान राठोड हा रजपूत किल्लेदार होता. 1670 च्या सुरुवातीला महाराजांनी किल्ले परत घ्यायचं ठरवलं आणि ही कामगिरी तानाजींनी अंगावर घेतली.

घरात थोरल्या लेकाच्या, रायबाच्या लग्नाची तयारी चालू होती, ती बाजूला ठेवून तानाजी गडावर गेले, ही गोष्ट तुळशीदास शाहिरांच्या पोवाड्यातून घरोघर पोचली. घोरपडीची कथाही पोवाड्यातलीच. सभासद बखर मात्र वेगळं सांगते. पाचशे माणूस घेऊन तानाजी गडाखाली गेले, कडा चढण्यात तरबेज असे दोन मावळे आधी वर चढले आणि मग बाकीचे चढले. वर मोठी कापाकापी झाली. तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडले, असं बखरीत आहे. उदेभानाला शेलारमामांनी मारलं, असं पोवाडा सांगतो. तानाजी पडल्यावर मावळ्यांचा धीर सुटत होता, तो सूर्याजींनी सावरला आणि गड घेतला. पागेची खोपटं पेटवून राजगडाला फत्ते झाल्याची खूण केली. माघ वद्य नवमीची ती रात्र. पुढे तानाजींची सुभेदारी महाराजांनी सूर्याजींना दिली.

कोंढाण्याला सिंहगड हे नाव तानाजींमुळे पडलं असा समज हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीमुळे पक्का झाला. पण सिंहगड हे नाव 1663 च्या पत्रातही सापडतं. म्हणून तानाजींचा मोठेपणा काही कमी होत नाही. नाव आधीपासून होतं, ते खरं करून दाखवलं या माणसाने.

मढे घाटातून घरी

तानाजींचा देह राजगडाखालून, केळद गावाजवळच्या घाटाने उमरठला आणला. मढं नेलं म्हणून मढे घाट, असं दोन्हीकडचे लोक सांगतात. पुण्याकडचा रस्ता तिथे संपतो आणि पायवाट खाली महाड तालुक्यात कर्णवडीकडे उतरते. आज पावसाळ्यात तिथे धबधबा बघायला गर्दी होते. त्या वाटेने एक घराणं आपल्या माणसाला घेऊन उतरलं होतं, एवढं तिथे उभं राहणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवं.

लहानपणी आईसोबत जो माणूस घाट उतरून आला, तो शेवटीही घाट उतरूनच आला. त्याला गोडवलीला नेलं नाही, मामाच्या गावाला आणलं. तोवर उमरठ हेच त्याचं गाव झालं होतं. उमरठला तानाजींची आणि शेलारमामांची समाधी आहे. दरवर्षी माघ वद्य नवमीला पुण्यतिथी होते. सूर्याजींची समाधी जवळच साखर गावात आहे.

पुढची पिढी पारगडावर

एका पिढीत घाटावरून कोकणात आलेलं हे घराणं पुढच्याच पिढीत पुन्हा हललं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात, गोव्याच्या वेशीवर पारगड आहे. पोर्तुगीजांवर नजर ठेवायची तर तिथे भरवशाचा माणूस हवा. महाराजांनी रायबा मालुसऱ्यांना तिथली किल्लेदारी दिली आणि गड कायम जागता ठेवायला सांगितलं, अशी परंपरा आहे. किल्ल्यांचं राज्य गेलं, इंग्रज आले, गेले, पण गडावरची वस्ती उठली नाही. मालुसऱ्यांचे आणि त्यांच्यासोबत गेलेल्या घराण्यांचे वंशज आजही पारगडाला आपलं गाव मानतात. तानाजींची तलवार आणि महाराजांची कवड्यांची माळ घराण्यात जपलेली आहे, असं सांगितलं जातं.

असं हे घराणं चार ठिकाणी आहे. मूळ गोडवलीला, समाधी उमरठला, धाकट्या भावाची साखरला आणि थोरल्या लेकाचा वंश पारगडावर. यातलं एक गाव काढलं तर गोष्ट अपुरी राहते.

आपल्या घराचं काय?

तानाजींचं घराणं आठवणीत राहिलं, कारण पोवाडा होता, बखर होती, समाधी होती. साध्या घराला यातलं काहीच नसतं. पोलादपूर, महाडमधली निम्मी तरणी माणसं मुंबई, पुण्याला पोटापाण्यासाठी गेलेली. पुढच्या पिढीला आजोबांच्या वाडीचं नाव तरी येईल का, हा प्रश्न आहे. 22 जुलै 2021 च्या पावसात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथे दरडी कोसळल्या. माणसं गेली, घरं गेली. अशा वेळी पेटीतल्या जुन्या कागदांचं काय झालं, हे कोण विचारणार?

म्हणून शोध आताच घ्यायला हवा. जुने फेरफार, शाळेचं जनरल रजिस्टर, तहसील कचेरीतली कोतवाल बुकं यांत पणजोबांची नावं सापडतात. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडीतली अशी कितीतरी दप्तरं पुन्हा उघडली गेली. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेला गेलेल्या पूर्वजांच्या नामावळ्या असतात. कोल्हापूरकडे हेळवी वंशावळ सांगत दारी येतात.

पण या सगळ्याच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसावं. कोण कुठून आलं, कोणाच्या आधाराने राहिलं, कोण बाहेर गेलं ते विचारावं. मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे, त्यात आवाज भरून ठेवावा. विचारताना आजीचं माहेरही विसरू नये. मालुसऱ्यांची उमरठची गोष्ट एका बाईच्या माहेरापासूनच सुरू होते. वंशावळीच्या कागदावर बहुतेक वेळा नेमकं तेच नाव लिहायचं राहून जातं.