उस्ताद अल्लादिया खाँ : तबकडी निघाली नाही, पण गायकी राहिली

कोल्हापूरच्या मुस्लिम समाजाचा इतिहास सांगताना उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना आपण विसरू शकत नाही. जन्म 1855 चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. तरुणपणी अति गाण्याने त्यांचा आवाज बसला. दुसऱ्या कुणी गाणंच सोडलं असतं. खाँसाहेबांनी मात्र रियाज करून उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी घडवली. तेच आजचं जयपूर-अत्रौली घराणं.

1895 च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आपल्या दरबारी ठेवलं. तेव्हा गवयाचं घर राजाच्या तनख्यावर चालायचं. 1922 मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला आले. इथे शेठजींच्या बैठका, शिकवण्या, तिकिटाचे जलसे, रेकॉर्ड कंपन्या. गाण्याचा सगळा व्यवहारच बदलत होता. बरेच गवई तीन-चार मिनिटांच्या तबकडीत राग बसवू लागले. खाँसाहेबांची मात्र एकही तबकडी निघाली नाही. 16 मार्च 1946 ला मुंबईत त्यांचा इंतकाल झाला. त्यांचा आवाज आज आपल्याला कुठेच ऐकायला मिळत नाही.

पण विद्या राहिली, कारण ती देताना त्यांनी जात-धर्म पाहिला नाही. मुलं मंजीखाँ, भुर्जीखाँ. शिष्य भास्करबुवा बखले, मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर. केसरबाईंचं गाणं तर 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलं. भुर्जीखाँसाहेबांनी कोल्हापुरातच शिष्य घडवले.

आज मोबाईलवर हवं ते गाणं क्षणात मिळतं. आपल्या मुलांना निदान हे नाव तरी माहीत असायला हवं.