मातीचे मोल जाणणारा यूजीन हूड्री

मुलतानी माती तुम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. केसांना लावली, की ती केसांतील तेल शोषून घेते. बाजारात ती थोड्या पैशांत मिळते. या मातीशी नाते सांगणाऱ्या एका मातीने मोटारींना आणि विमानांना उत्तम पेट्रोल मिळवून दिले, असे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. पण ही गोष्ट खरी आहे. मातीचा हा गुण प्रथम मोठ्या कारखान्यात उपयोगात आणणाऱ्या माणसाचे नाव होते यूजीन हूड्री.

हूड्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या दोमों या गावी झाला. त्यांच्या वडिलांचा पोलादी कामाचा कारखाना होता. यूजीन पॅरिसमध्ये यंत्रशास्त्र शिकले. १९११ साली ते वर्गात पहिले आले आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. ते नुसते पुस्तकातले किडे नव्हते. शाळेच्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार होते. शिक्षण संपल्यावर ते वडिलांच्या धंद्यात शिरले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. हूड्री सैन्यात गेले. १९१७ साली ज्युव्हिंकूरच्या लढाईत फ्रान्सने रणगाडे उतरवले. तोफांचा मारा चालू असताना बंद पडलेले रणगाडे दुरुस्त करण्याचे काम हूड्री यांनी केले. त्यात ते जबर जखमी झाले. या धैर्याबद्दल त्यांना शौर्यपदक मिळाले.

युद्धानंतर त्यांना मोटारींच्या शर्यतींचा नाद लागला. १९२२ साली ते अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी फोर्डचा मोटारींचा कारखाना पाहिला आणि इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यतही पाहिली. मोटारी दिवसेंदिवस सुधारत होत्या. पण त्यांना लागणारे पेट्रोल मात्र तितके चांगले नव्हते. हलके पेट्रोल घातले, की जोरदार इंजिन ठकठक आवाज करी आणि त्याची शक्ती वाया जाई. शिवाय फ्रान्समध्ये खनिज तेल फारच थोडे सापडे. चांगले पेट्रोल आपल्याच देशात करता येईल काय, हा प्रश्न हूड्री यांच्या मनात घर करून बसला.

फ्रान्समध्ये लिग्नाइट नावाचा तपकिरी कोळसा होता. त्यापासून पेट्रोल काढण्याचा उद्योग हूड्री यांनी सरकारच्या मदतीने आरंभला. १९२९ साली रोज ६० टन लिग्नाइट वापरणारा कारखाना सुरूही झाला. पेट्रोल निघाले, पण त्याचा खर्च परवडेना. सरकारने मदत थांबवली आणि कारखाना बंद पडला. दुसरा एखादा माणूस येथे हात टेकून बसला असता. पण हूड्री यांच्या हाती एक निराळाच धागा लागला होता.

तो धागा समजण्यासाठी तुम्ही थोडे रसायनशास्त्र लक्षात घ्या. जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलात लहानमोठे अनेक रेणू असतात. लहान रेणूंचे पेट्रोल होते. मोठ्या रेणूंचे जड, दाट तेल तसेच उरते. हे मोठे रेणू तोडले, तर त्यांतूनही पेट्रोल मिळते. या क्रियेला भंजन म्हणतात. त्या काळी तेल खूप तापवून आणि दाबाखाली ठेवून भंजन करीत. पण त्यातून पेट्रोल कमी निघे आणि त्याचा दर्जाही साधारणच असे.

हेच काम उत्प्रेरकाच्या मदतीने अधिक चांगले होते. उत्प्रेरक म्हणजे काय? सुरीने तुम्ही भाजी चिरता. भाजीचे तुकडे होतात, पण सुरी भाजीत मिसळून संपत नाही. तसा उत्प्रेरक क्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. हूड्री यांनी असा पदार्थ शोधण्यासाठी शेकडो पदार्थ तपासले. अखेर त्यांना जो पदार्थ सापडला, तो सोने नव्हता, की चांदी नव्हती. ती होती माती! सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांनी बनलेली माती आम्लाने धुतली, की तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे होतात आणि तिचा पृष्ठभाग आम्लधर्मी होतो. जड तेलाची तप्त वाफ या मातीवरून गेली, की मोठे रेणू तुटतात. इतकेच नव्हे, तर तुटलेल्या तुकड्यांची मांडणीही बदलते. त्यामुळे जे पेट्रोल मिळते, ते इंजिनात ठकठक करीत नाही. हूड्री यांनी ते आपल्या शर्यतीच्या मोटारीत घालून स्वतः पारखले.

मात्र यात एक मोठी अडचण होती. सुरीला भाजीचा रस चिकटावा, तशी मातीच्या छिद्रांवर काजळी साचे. थोड्याच मिनिटांत माती निकामी होई. दर वेळी नवी माती घालणे परवडणारे नव्हते. याच अडचणीमुळे अनेकांनी मातीचा नाद सोडला होता. हूड्री यांनी मात्र माती फेकली नाही. त्यांनी ती स्वच्छ केली. तापलेल्या मातीवर हवा सोडली, की काजळी जळून जाते आणि माती पुन्हा कामाला लागते. त्यांनी मातीच्या गोळ्या भरलेली अनेक भांडी शेजारी शेजारी बसवली. एका भांड्यात भंजन चाले, तेव्हा दुसऱ्यातील काजळी जळत असे. काजळी जळताना निघणारी उष्णताही त्यांनी वाया घालवली नाही. ती भंजनासाठी वापरली.

१९३० साली एका अमेरिकन तेल कंपनीने त्यांना बोलावून घेतले. हूड्री आपली प्रयोगशाळा घेऊन अमेरिकेला गेले. तेथे मंदीची लाट आली होती. पैसा आटला, तरी त्यांनी धीर सोडला नाही. पुढे सन ऑइल कंपनीही या कामात सामील झाली. १९३७ साली पेनसिल्व्हेनियातील मार्कस हूक येथे मोठा कारखाना सुरू झाला. तेथे तेलाच्या जवळजवळ निम्म्या भागाचे उत्तम पेट्रोल होऊ लागले.

लवकरच दुसरे महायुद्ध भडकले. विमानांना उत्तम प्रतीच्या पेट्रोलची अतोनात गरज पडली. ती भागवण्यात हूड्री यांच्या पद्धतीचा मोठा वाटा होता. १९४० साली फ्रान्स जर्मनीपुढे नमला. अमेरिकेत राहून हूड्री यांनी स्वतंत्र फ्रान्सची बाजू उघडपणे घेतली. तेव्हा फ्रान्समधील व्हिशी सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. ज्या देशासाठी त्यांनी रक्त सांडले, त्याच देशाचे ते परके ठरले! १९४२ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले.

यानंतरची त्यांची कामगिरीही तुम्ही लक्षात ठेवावी अशी आहे. युद्ध संपल्यावर रस्त्यांवर मोटारींची गर्दी झाली. त्यांच्या धुराने शहरांची हवा बिघडू लागली. या धुराने फुप्फुसांचे रोग होत असतील, अशी चिंता हूड्री यांना वाटू लागली. ज्याने मोटारींना भरपूर पेट्रोल मिळवून दिले, तोच आता त्यांच्या धुराचा बंदोबस्त करण्याच्या मागे लागला. चिनी मातीच्या कांड्यांवर अ‍ॅल्युमिना आणि प्लॅटिनम यांचा लेप देऊन त्यांनी नवा उत्प्रेरक तयार केला. त्यावरून जाताना धुरातील विषारी वायू जळून जात. १९५६ साली त्यांना मोटारीच्या अशा उपकरणाचे पेटंट मिळाले.

पण येथेही अडचण उभी राहिली. त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालीत. धुरातील शिसे उत्प्रेरकावर बसे आणि तो निकामी होई. काजळी जाळून टाकता येते. शिसे जळत नाही. त्यामुळे गुदामातील गाड्यांसारख्या काही ठिकाणीच हे उपकरण उपयोगी पडले. रस्त्यावरच्या मोटारींत ते बसलेले पाहणे हूड्री यांच्या नशिबी नव्हते. १८ जुलै १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे काम मात्र थांबले नाही. अमेरिकेत १९७५ सालच्या मोटारींपासून अशी उपकरणे बसू लागली आणि त्यांच्यासाठी शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. आपल्याकडे १९९५ साली मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींसाठी हा नियम आला. २००० साली शिसेयुक्त पेट्रोल सर्व भारतातून गेले आणि २०२१ साली साऱ्या जगातून. आज तेलशुद्धीकरण कारखान्यांत साध्या मातीऐवजी झिओलाइट हा उत्प्रेरक वापरतात. पण तोही सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांचाच बनलेला असतो आणि त्याच्या गोळ्यांत आजही माती मिसळतात. साचलेली काजळी जाळून तो पुन्हा कामाला लावण्याची रीतही तीच आहे.

मुलांनो, रस्त्याने जाणारी मोटार पाहाल, तेव्हा पायाखालच्या मातीचीही आठवण ठेवा. निकामी झाली म्हणून इतरांनी सोडून दिलेली ती माती हूड्री यांनी स्वच्छ करून पुन्हा कामाला लावली.

शब्दार्थ
जबर – भारी, मोठ्या प्रमाणात
हात टेकणे – निराश होऊन प्रयत्न सोडणे
भंजन – तोडण्याची क्रिया
बंदोबस्त – व्यवस्था, उपाय

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हूड्री यांना शौर्यपदक कशाबद्दल मिळाले?
(आ) लिग्नाइटचा कारखाना का बंद पडला?
२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) निकामी झालेली माती हूड्री यांनी पुन्हा उपयोगात कशी आणली?
(आ) शिशामुळे कोणती अडचण निर्माण झाली?
३. नाद, बंदोबस्त, नशीब, गर्दी हे शब्द उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात किंवा त्यांना उर्दूत काय म्हणतात, ते सांगा.