हेन्री टिमकेन : चाकांची कुरकुर थांबवणारा कारागीर

अमेरिकेतील सरोवरांच्या काठी सुट्टीच्या दिवशी एक दृश्य हमखास दिसते. मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरवरून नौका येते, उतारावरून ट्रेलर चाकांसकट पाण्यात उतरवला जातो, नौका अलगद तरंगू लागते आणि सर्वांचे लक्ष तिच्याकडे वळते. पाण्यात बुडालेल्या चाकांचा विचार त्या क्षणी कोणाच्याही मनात नसतो. तो येतो परतीच्या वाटेवर, चाकातून कुरकुर ऐकू येऊ लागली म्हणजे! त्या चाकाच्या तुंब्यात निमुळत्या रोलरांची दोन बेअरिंगे बसवलेली असतात. ज्यांच्या नावाने हे बेअरिंग जगभर ओळखले गेले, त्या हेन्री टिमकेन यांचा नौकांशी काही संबंध नव्हता आणि मोटारींशी संबंध आला तोही उतारवयात. ते होते घोडागाड्या बांधणारे कारागीर.

टिमकेन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८३१ रोजी जर्मनीतील ब्रेमेन शहराजवळ झाला. ते सात वर्षांचे असताना कुटुंबाने अटलांटिक ओलांडला आणि मिसुरी राज्यात शेती सुरू केली. हेन्री मात्र शेतीत रमले नाहीत. सोळाव्या वर्षी सेंट लुई येथील एका गाडी कारखान्यात ते उमेदवार म्हणून दाखल झाले. लाकूड निवडणे, आरे बसवणे, चाकावर लोखंडी धाव चढवणे, आस घडवणे ही सारी कामे त्यांनी हाताने शिकून घेतली. १८५५ मध्ये त्यांनी याच शहरात स्वतःचा कारखाना काढला. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा त्यांनी मिसुरीच्या मिलिशियात कॅप्टन म्हणून सेवा बजावली आणि नंतर ते पुन्हा आपल्या व्यवसायाकडे वळले.

त्या काळी पश्चिमेकडे विस्तारणाऱ्या अमेरिकेत घोडागाडी ही चैन नव्हती, ती गरज होती. रस्ते खडबडीत आणि हिसके असह्य. टिमकेन यांनी बग्गीसाठी नव्या घडणीची स्प्रिंग तयार केली आणि १८७७ मध्ये तिचे पेटंट मिळवले. 'टिमकेन स्प्रिंग' देशभर लोकप्रिय झाली. अनेक गाडी कारखानदार तिच्या वापरासाठी त्यांना स्वामित्वधन देऊ लागले आणि उमेदवारीपासून सुरुवात केलेला हा कारागीर श्रीमंत झाला. १८८७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास, व्यवसायातून निवृत्त होऊन त्यांनी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे वास्तव्य केले. बहुतेकांची कहाणी इथे सुखाने संपली असती. टिमकेन यांना स्वस्थता मानवली नाही. १८९० च्या दशकात ते सेंट लुईला परतले आणि विल्यम व हेन्री या दोन मुलांसह पुन्हा गाड्यांच्या धंद्यात उतरले.

या दुसऱ्या डावात त्यांच्यासमोर एक जुनाच प्रश्न होता. साध्या गाडीत लोखंडी आस तुंब्याच्या आत घासत फिरे. वंगण वाळले की घर्षण वाढे, आस तापे आणि जनावरांची शक्ती त्या घर्षणातच खर्ची पडे. गोळ्यांचे बेअरिंग तोवर सायकलींत रुळले होते. पण गोळी कड्याला एका बिंदूपाशीच टेकते, त्यामुळे जड ओझ्याखाली तिच्यावर फार ताण येतो. सरळ रोलर ओझे अधिक पेलतो, कारण तो रेषेत टेकतो. मात्र गाडी वळू लागली की चाकावर बाजूने रेटा येतो आणि तिथे सरळ रोलर तोकडा पडतो. गाडीला दोन्ही भार सहन करावे लागतात, एक वरून आणि एक बाजूने.

यावरील उपाय म्हणजे निमुळता रोलर. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. टिमकेन आणि त्यांचे भाचे रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांनी ती गाडीच्या आसासाठी व्यवहारात उतरेल अशी घडवली. आतले कडे शंकूसारखे, बाहेरचे कडे त्याला साजेल अशा उताराचे आणि मध्ये निमुळते रोलर. या शंकूंच्या उताराच्या रेषा पुढे वाढवल्या तर त्या आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. त्यामुळे रोलर घसरत नाहीत, खऱ्या अर्थाने गडगडतात, आणि वरचा व बाजूचा असे दोन्ही भार पेलतात. २८ जून १८९८ रोजी या रचनेची पेटंटे मंजूर झाली. तेव्हा टिमकेन सहासष्ट वर्षांचे होते.

पुढल्याच वर्षी सेंट लुई येथे टिमकेन रोलर बेअरिंग ॲक्सल कंपनी स्थापन झाली. या काळातील एक आख्यायिका नेहमी सांगितली जाते. नवे बेअरिंग बसवलेली, मालाने लादलेली गाडी दोन लहानशी खेचरे ओढत असल्याचे पाहून गाडीवानाला जनावरांचा छळ केल्याबद्दल पकडण्यात आले. गाडी इतकी हलकी चालते की खेचरांना कष्ट पडतच नाहीत, हे पटल्यावर त्याची सुटका झाली म्हणे. कथेतील तपशील कसेही असोत, बेअरिंगची महती लोकांना कळायला तिने निश्चितच मदत केली.

याच सुमारास रस्त्यावर मोटारी अवतरल्या. ज्या आसाचा विचार घोड्यासाठी झाला होता, तो इंजिनाला अधिकच उपयोगी ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी ओहायो राज्यातील कँटन येथे हलवण्यात आली. तेथून मोटार उद्योगाची केंद्रे जवळ होती आणि पोलाद पिकवणारा प्रदेशही. १६ मार्च १९०९ रोजी सॅन दिएगो येथे टिमकेन यांचे निधन झाले. पुढे मुलांनी उद्योगाचा विस्तार केला. १९३० मध्ये सर्व आसांवर रोलर बेअरिंगे बसवलेले वाफेचे इंजिन या कंपनीने रुळांवर आणून दाखवले.

टिमकेन यांच्या रचनेचे खरे मर्म मात्र तिच्या ताकदीपेक्षाही तिच्या दुरुस्तीयोग्यतेत आहे. हे बेअरिंग उघडता येते. आतला शंकू रोलरांसह बाहेर निघतो, धुता येतो, तपासता येतो आणि झीज झाली तर नट किंचित आवळून ती भरून काढता येते. नौकेच्या ट्रेलरला याची सर्वाधिक गरज भासते. लांबच्या प्रवासाने तापलेले चाक थंड पाण्यात शिरले की तुंब्यातील हवा आकुंचन पावते आणि सीलमधून पाणी आत खेचले जाते. ग्रीस दुधाळ होते, रोलरांना गंज चढतो, खाऱ्या पाण्यात तर लवकरच. म्हणूनच ट्रेलर पाण्यात नेण्यापूर्वी चाके निवू देतात.

हंगामातून एकदा तरी चाक जॅकवर उचलून, टोपी आणि स्प्लिट पिन काढून बेअरिंग बाहेर घ्यावे लागते. ते रॉकेलने स्वच्छ धुऊन पाहतात. रोलरांवर खड्डे किंवा तापल्याचा निळसर डाग दिसला तर बेअरिंग आणि त्याचे बाहेरचे कडे जोडीनेच बदलतात. मग पाण्याला दाद न देणारे ग्रीस रोलरांच्या फटींतून बाहेर येईपर्यंत तळहाताने भरतात आणि सील नवे घालतात. शेवटी चाक फिरवत नट आवळायचा, रोलर जागेवर बसले की तो सैल करायचा, पुन्हा केवळ बोटांनी टेकवायचा आणि नवी पिन घालायची. नट फार आवळला तर बेअरिंग जळते, फार सैल राहिला तर चाक डगमगते. थोडे अंतर गेल्यावर तुंब्यावर हात ठेवून पाहिले की काम कसे झाले ते समजते.

पेटंटाला शंभर वर्षे झाली, त्या १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्माननामावलीत टिमकेन यांचा समावेश झाला. चाक फिरणार म्हणजे ते झिजणार, हे त्यांनी गाडीखान्यातच जाणले होते. झीज मुळीच होऊ न देणारी वस्तू त्यांनी घडवली नाही. तिची वेळेवर दखल घेणाऱ्याला ती सावरता यावी, एवढी सोय मात्र करून ठेवली. ज्या ट्रेलरमालकाने वर्षातला एक दिवस त्या सोयीसाठी राखून ठेवला, त्याला परतीच्या वाटेवर कुरकुर सहसा ऐकावी लागत नाही.