लिंकन यांचा थोरला मुलगा

घरात नवी सून आली आणि वर्षाच्या आत कोणी दगावले, की पांढऱ्या पायाची हा शब्द आपल्याकडे किती सहज तोंडातून जातो, हे भगिनींना निराळे सांगायला नको. ज्या पुरुषाची हकीकत येथे सांगायची आहे, तो आपल्याकडे बाईच्या जन्माला आला असता तर त्याला उंबऱ्याच्या आत कोणी घेतले नसते. अमेरिकेच्या तीन राष्ट्राध्यक्षांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि तिन्ही वेळा हा गृहस्थ जवळपास होता. त्यांतले पहिले तर त्याचे जन्मदाते वडील.

रॉबर्ट टॉड लिंकन हा अब्राहम लिंकन आणि मेरीबाई यांचा थोरला मुलगा. त्याचा जन्म १ ऑगस्ट १८४३ रोजी इलिनॉय संस्थानातल्या स्प्रिंगफील्ड गावी झाला. पाठचे तीन भाऊ : एडी, विली आणि टॅड. एडी चार वर्षांचाही झाला नव्हता, तेव्हा १८५० मध्ये गेला. विली १८६२ मध्ये व्हाइट हाउसमध्येच तापाने गेला. वडील वकिलीसाठी गावोगाव हिंडत, पुढे राजकारणात पडले. त्यामुळे थोरल्याच्या वाट्याला ते फारसे आलेच नाहीत. धाकट्या दोघांना त्यांच्या अंगाखांद्यावर खेळायला मिळाले, याला दूरच्या शाळा मिळाल्या.

यादवी युद्ध चालू होते आणि रॉबर्ट हार्वर्डला शिकत होता, तेव्हाची गोष्ट. जर्सी सिटीच्या स्टेशनावर रात्री उशिरा प्रवाशांची झुंबड उडाली होती. निजण्याच्या डब्यातली जागा घेण्यासाठी लोक कंडक्टरभोवती रेटारेटी करीत होते. त्या रेट्यात रॉबर्ट डब्याला चिकटला, तोच गाडी हलली आणि त्याचे पाय फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत गेले. इतक्यात कोणीतरी मागून त्याच्या कोटाची कॉलर घट्ट धरली आणि त्याला वर ओढून घेतले. वळून पाहतो तो देशभर गाजलेला नट एडविन बूथ! रॉबर्टने त्याला ओळखले आणि नाव घेऊन आभार मानले. हा मुलगा कोणाचा, हे मात्र बूथला ठाऊक नव्हते. पुढे एका स्नेह्याच्या पत्रातून त्याला ते कळले.

ह्या एडविनचा धाकटा भाऊ जॉन विल्क्स बूथ. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड नाट्यगृहात त्याने लिंकन यांच्या मस्तकात गोळी घातली. थोरल्या भावाने मुलाला वाचवावे आणि धाकट्याने बापाला मारावे! एखाद्या नाटककाराने हे लिहिले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हणून नावे ठेवली असती. भावाच्या करणीने एडविन पार खचला, काही महिने रंगभूमीवर आला नाही. त्या काळात फलाटावरच्या त्या प्रसंगाचाच काय तो त्याला आधार वाटे, असे सांगतात.

तो दिवस रॉबर्टच्याही आयुष्यात कायमचा रुतला. जनरल ग्रँट यांच्या हाताखाली तो कॅप्टन होता. शत्रूची शरणागती पाहून त्याच सकाळी तो वॉशिंग्टनला परतला आणि वडिलांबरोबर न्याहारीला बसला. रात्री नाटकाला चल, असे आईवडिलांनी म्हटले, पण दोन आठवड्यांच्या धावपळीने अंग मोडून आले होते. तो घरीच राहिला. मध्यरात्रीच्या सुमारास त्याला बोलावणे आले, ते वडिलांच्या मृत्युशय्येपाशी. आपण गेलो असतो तर पाठीमागच्या दारातून आलेला मारेकरी आधी आपल्याला दिसला असता, हा विचार त्याने किती वेळा केला असेल, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

पुढे त्याने वकिलीत नाव काढले, १८८१ मध्ये तो युद्धमंत्री झाला. त्याच वर्षी २ जुलैला राष्ट्राध्यक्ष गारफील्ड वॉशिंग्टनहून गाडीने निघायचे होते. रॉबर्ट स्टेशनावर गेला आणि तेथेच गीटो नावाच्या माणसाने गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. अडीच महिने हाल सोसून ते गेले. वीस वर्षांनी, ६ सप्टेंबर १९०१ रोजी, बफेलो शहरातले प्रदर्शन पाहायला रॉबर्ट सहकुटुंब आला, तो राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर प्रदर्शनातच गोळी झाडल्याची बातमी कानी पडली. तो त्यांना भेटून आला. आठ दिवसांनी तेही गेले.

आणखी एक गोष्ट सांगते. एडविन बूथची अंत्ययात्रा ९ जून १८९३ रोजी न्यू यॉर्कला निघाली. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये फोर्ड नाट्यगृहाच्या इमारतीचे आतले मजले कोसळून २२ माणसे दगावली. नाटके केव्हाच बंद झाली होती, तेथे सरकारी कचेरी होती. तळघरात विजेच्या यंत्रासाठी खोदकाम चालले होते, त्यात आधाराचा खांब गेला. मेलेले कारकून कोणत्या खात्याचे? रॉबर्ट पूर्वी ज्याचा मंत्री होता, त्याच युद्धखात्याचे.

वाचताना अंगावर काटा येतो खरा. पण जरा थांबून पाहिले तर गारफील्ड यांच्या वेळी रॉबर्ट मंत्री होता, म्हणून स्टेशनावर गेला. त्या काळी राष्ट्राध्यक्ष पहारेकऱ्यांवाचून लोकांत मिसळत. कायमचा पहारा बसला तो मॅकिन्ली यांच्यानंतर. राष्ट्राध्यक्ष आर्थर यांच्या मंत्रिमंडळात रॉबर्ट सारी कारकीर्द होता, हॅरिसन यांनी त्याला वकील म्हणून लंडनला धाडले. त्या दोघांच्या केसालाही धक्का लागला नाही. ते मात्र कोणी मोजत नाही. पुढे तो राष्ट्राध्यक्षांची आमंत्रणे नाकारू लागला, अशी दंतकथा आहे. पण १९२२ मध्ये लिंकन स्मारकाच्या समर्पणाला राष्ट्राध्यक्ष हार्डिंग असताना तो हजर होताच.

मला ह्या सगळ्यात जास्त खुपते ती मेरीबाईंची कथा. नवऱ्याच्या शेजारी बसली असताना त्याला गोळी लागली, पाठोपाठ १८७१ मध्ये अठरा वर्षांचा टॅड गेला. १८७५ च्या मार्चमध्ये त्या फ्लॉरिडात होत्या. रॉबर्ट आजारी आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. तारा केल्या आणि गाडीत बसून शिकागो गाठले. मुलगा ठणठणीत! ज्या बाईने तीन मुले पुरली, तिच्या मनाला चौथ्याची धास्ती लागली, यात नवल ते काय? पण मुलाला ते वेडाचे लक्षण दिसले. गरजेपेक्षा फार खरेदी करतात, रोखे कपड्यांत शिवून हिंडतात, याही तक्रारी होत्या. १९ मे १८७५ रोजी न्यायालयात बारा पुरुष पंच बसले, आईविरुद्ध मुलाने रडत साक्ष दिली आणि पंचांनी थोड्याच वेळात त्यांना वेडे ठरवले. ही चौकशी तरी झाली, ती एलिझाबेथ पॅकार्ड ह्या बाईमुळे. नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात डांबले होते. सुटल्यावर तिने झगडून १८६७ मध्ये पंचांपुढे सुनावणीचा कायदा करवून घेतला.

बटेव्हियाच्या इस्पितळातून मेरीबाईंची सुटका होण्यासाठी धडपडली तीही एक स्त्रीच, मायरा ब्रॅडवेल. वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होऊनही केवळ स्त्री म्हणून सनद नाकारली गेलेली ही बाई. तिने पत्रे लिहिली, वर्तमानपत्रांत गवगवा केला, आणि सप्टेंबरमध्ये मेरीबाई बहिणीच्या घरी गेल्या. जून १८७६ मध्ये दुसऱ्या पंचांनी त्यांना शहाण्या ठरवले. मुलाशी मात्र त्यांनी कित्येक वर्षे अबोला धरला. रॉबर्ट काही दुष्ट नव्हता. धास्तावलेला होता आणि अब्रूला फार जपणारा होता. शेवटी मे १८८१ मध्ये तो मुलीला घेऊन आईच्या भेटीला गेला, तेव्हा गाठ सुटली. पुढच्या वर्षी १५ जुलैला, टॅडच्या अकराव्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, मेरीबाई कोसळल्या आणि दुसऱ्या दिवशी गेल्या.

रॉबर्टचा एकुलता मुलगा, आजोबांचेच नाव ठेवलेला, १८९० मध्ये लंडनला सोळाव्या वर्षी गेला. शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष भिनले होते. स्वतः रॉबर्ट २६ जुलै १९२६ रोजी, त्र्याऐंशीला सहा दिवस कमी असताना, व्हरमाँटमधल्या आपल्या घरी झोपेतच वारला. स्प्रिंगफील्डला आईवडील आणि तिघे भाऊ एकत्र आहेत, तेथेच आपणही जायचे, असे त्याने ठरवले होते. पण त्याची पत्नी मेरी हार्लन हिने ते बदलले. आपला नवरा कोणाचा तरी मुलगा म्हणून नव्हे, स्वतःच्या कर्तृत्वाने मोठा होता, असे तिचे म्हणणे. तिने त्याला वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टनच्या दफनभूमीत विसावा दिला, आणि १९३० मध्ये मुलालाही स्प्रिंगफील्डहून तेथे, त्याच्याजवळ, आणवले.