विजयदुर्ग, हेलियम आणि लॉकियरसाहेब: १८६८ की १८९८?

दर ऑगस्टमध्ये एक पोस्ट फिरते. १८ ऑगस्ट १८६८ ला नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला, असं तिच्यात लिहिलेलं असतं. पुरावा म्हणून किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात. लॉकियर विजयदुर्गला आले होते हे खरं आहे, पण तीस वर्षांनी.

१८३६ साली इंग्लंडमधल्या रग्बी गावी जन्मलेल्या लॉकियर यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. लंडनच्या युद्धखात्यात ते कारकून होते आणि फावल्या वेळात दुर्बिणीतून आकाश बघायचे. दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला, तर सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा ग्रहणाशिवायही दिसतील, असं त्यांना वाटत होतं. पण त्यासाठी मागवलेलं उपकरण वेळेत आलंच नाही. ऑगस्टचं ग्रहण झालं तेव्हा ते इंग्लंडमध्येच होते. ते ग्रहण आंध्रातल्या गुंटूरहून पाहणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनाही तीच युक्ती सुचली. लॉकियर यांना ज्वाळांचा वर्णपट दिसला तो २० ऑक्टोबरला, इंग्लंडमधून. गंमत म्हणजे दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली!

त्या वर्णपटात एक पिवळी रेघ होती. सोडियमच्या रेघांच्या अगदी जवळ, पण सोडियमची नव्हे. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून नाव पडलं ‘हेलियम’. हा धातू असावा असा समज होता, म्हणून सोडियमसारखा शेवट. (निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन या भावंडांच्या नावांत तो नाही.) फक्त एका रेघेवरून नवं मूलद्रव्य मानायला बरेच रसायनशास्त्रज्ञ तयार नव्हते. ही शंका लॉकियर यांनी सत्तावीस वर्षं सोसली. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली. खात्री करण्यासाठी त्यांनी तो वायू लॉकियर यांच्याकडेही पाठवला.

आता प्रश्न जागेचा. मेंडेलीव्हच्या १८६९ च्या आवर्तसारणीत अशा वायूंसाठी रकानाच नव्हता. १८९४ मध्ये सापडलेला आर्गॉन म्हणजे नायट्रोजनचंच एक रूप असावं, असं खुद्द मेंडेलीव्ह यांना वाटत होतं. रॅम्झी यांनी या वायूंना स्वतंत्र रकाना सुचवला. पुढे मेंडेलीव्ह यांनीही तो मान्य केला. आज तो अठरावा गण. हेलियमकडे इलेक्ट्रॉन दोनच. नुसते बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजले, तर तो बेरिलियमच्या डोक्यावर बसायला हवा. पण त्याची पहिली कक्षा दोनांतच भरते, कुणाशी देवाणघेवाण करायची गरज उरत नाही, म्हणून तो निऑनच्या वर बसतो.

१८९७ मध्ये लॉकियर ‘सर’ झाले. त्यानंतर २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण पाहायला ते विजयदुर्गला आले. किल्ल्यावर छावणी पडली, ‘मेल्पोमीनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी मदतीला होते. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला जेऊरला तळ ठोकून होते. त्यांच्याबद्दल पोस्टी का फिरत नाहीत कोण जाणे. साहेबाच्या कट्ट्यांची गोष्ट जुळते ती या छावणीशी. त्याच वर्षी मे ते जुलैदरम्यान रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधले आणि नवा रकाना भरू लागला.

लॉकियर यांनी १८६९ मध्ये सुरू केलेलं ‘नेचर’ साप्ताहिक पन्नास वर्षं संपादित केलं. १६ ऑगस्ट १९२० ला ते वारले.