विहीर, उंदीर आणि एक दिवसाचा महाराजा

मी सिव्हिलला आहे आणि दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे मराठी बोलताना ठीक, लिहिताना मात्र घाम फुटतो. तेव्हा वाचकहो, ऱ्हस्व-दीर्घ पोटात घाला! मासिकासाठी थोरामोठ्यांची चरित्रं लिहायची ठरली तेव्हा कलामसर आणि विश्वेश्वरय्या इतरांनी आधीच बुक केले होते. मी निवडला पॅट्रिक गेडिस. कारण आमची बोळिंजची विहीर. ते शेवटी सांगते.

गेडिसचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, म्हणजे गांधीजींचाच वाढदिवस, फक्त १५ वर्षं आधी. गाव स्कॉटलंडमधलं बॅलेटर. एडिंबरा युनिव्हर्सिटीत शिकायला गेला आणि आठवड्याभरात सोडून आला! मग लंडनला थॉमस हक्स्लीच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला. डिग्री अशी त्याने कधी घेतलीच नाही. (के.टी. लागलेल्यांनी उगाच खूश होऊ नये, पुढे तो डंडीला बॉटनीचा प्रोफेसर झाला.) १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेला असताना त्याची दृष्टी काही काळ गेली. डोळे परत आले, पण मायक्रोस्कोपचं काम अडखळलं. मग सूक्ष्म जीवांऐवजी तो माणसं आणि त्यांची गावं बघायला लागला.

१८८६ ला ॲना मॉर्टनशी लग्न झालं. लोक लग्नानंतर चांगल्या वस्तीत घर बघतात. ही दोघं एडिंबराच्या जुन्या, गलिच्छ भागात, जेम्स कोर्ट नावाच्या चाळीवजा इमारतीत राहायला गेली. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन घाण उपसली, भिंतींना चुना मारला, मोकळ्या कोपऱ्यांत बागा केल्या. पाडायचं ते अगदी मोडकळीला आलेलं, तेवढंच. या पद्धतीला तो पुढे कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी म्हणू लागला. बोटाला गळू झालं म्हणून डॉक्टर हात कापत नाही ना, तसंच.

१९१४ ला तो भारतात आला, साठीला टेकलेला. त्याचं शहरांवरचं प्रदर्शन ज्या बोटीने येत होतं ती एमडेन या जर्मन युद्धनौकेने बुडवली. नकाशे, चित्रं, सगळं समुद्रात! मित्रांनी धावपळ करून नवं सामान पाठवलं आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन लागलं. मग तो गावोगाव हिंडला. ठाण्यावरही त्याने रिपोर्ट लिहिला. इंजिनियर लोक नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता आखायचे आणि त्याखाली किती घरं जातात ते बघायचे नाहीत. (आपलीच जमात!) हा गल्लीबोळ पायी फिरायचा. एखादं पडकं घर काढून चौक मोकळा करा, तिथे झाड लावा, असं सुचवायचा. तळी बुजवायला त्याचा ठाम विरोध. डासांची भीती असेल तर पाण्यात मासे आणि बदकं सोडा. नळ कधीही बंद पडू शकतो, म्हणून जुन्या विहिरी हा गावाचा विमाच, असं त्याचं मत.

१९१७ त्याला फार वाईट गेलं. मुलगा अलास्डेअर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. ॲना तेव्हा इथे भारतात आजारी होती. तिला सहन होणार नाही म्हणून त्याने ती बातमी लपवली. ती जूनमध्ये गेली. मुलगा गेल्याचं तिला कळलंच नाही.

यानंतरच त्याचं इंदूरचं काम झालं. होळकरांच्या त्या शहरात प्लेगची दहशत होती आणि नकाशा घेऊन फिरणारा साहेब म्हणजे घरं पाडणारा, म्हणून लोक त्याच्यावर चिडलेले. त्याने एक दिवसापुरता महाराजा व्हायची परवानगी मागितली! मग जाहीर केलं की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही, सगळ्यात स्वच्छ केलेल्या रस्त्यांवरून जाईल. झालं, आळीआळीत चुरस लागली. कचरा निघाला, घरं रंगली, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत हत्ती होते, लक्ष्मी होती, प्लेगचा भला मोठा उंदीर होता आणि नव्या कपड्यांतले सफाई कामगारही मानाने चालत होते. एका नोटिशीने हे झालं असतं का?

१९१९ ला मुंबई युनिव्हर्सिटीत समाजशास्त्र विभाग सुरू झाला तो त्याच्याच हाताखाली. मालवणचे गो. स. घुर्ये त्याचे विद्यार्थी. लेक्चर मात्र अवघड असायचं म्हणे, तो दाढीतल्या दाढीत पुटपुटायचा. १९२४ ला तो फ्रान्सला माँपेलियेला गेला आणि तिथेच १७ एप्रिल १९३२ ला वारला. भारतातले त्याचे बरेचसे रिपोर्ट कपाटातच राहिले.

आता विहीर. आमची बिल्डिंग केळीच्या वाडीवर उभी आहे. वाडीतलं बावखल बिल्डिंग बांधतानाच बुजवलं, विहीर तेवढी मागे राहिली. आता तीही बुजवून तिथे पार्किंग करायचं चाललंय, कारण डास होतात. मे महिन्यात टँकर मागवतो तेव्हा मात्र तिच्याकडे कुणी बघत नाही! मी दोरीला दगड बांधून मोजलं, भर मेमध्ये अकरा फूट पाणी होतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे माझे पप्पा, आणि ते पार्किंगच्या बाजूने आहेत. घरात दोन दिवस अबोला होता. तीन आठवड्यांपूर्वी मी विहिरीत गप्पी मासे सोडले. आजोबा रोज सकाळी टॉर्च घेऊन अळ्या दिसतात का बघतात. काल पप्पाही त्यांच्याबरोबर उभे होते, पण काही बोलले नाहीत. मीटिंग रविवारी आहे.